पोळ्याचा भोंगा

"पोळ्याचा भोंगा उन्हं कलल्यावर असतोय की, म्याडम," ऑपरेटर श्रीशैल म्हणाला. "आत्ताशी तर बैलं पाण्यात उतरलीत. अर्ध्यांची शिंगं बी रंगवून झाली न्हाईत."

बुद्धप्रियानं खुर्ची पुढं ओढली. तिचं बोट बटणावर होतं आणि डोळे समोरच्या पडद्यांवर. बंधाऱ्याच्या माथ्यावरच्या मनोऱ्यात, त्या काचेच्या खोलीत पडदे ओळीनं लावलेले, आणि प्रत्येक पडद्यात नदीचं वेगळं तोंड. डावीकडच्या पडद्यात बंधाऱ्याच्या वरचं पाणी. काल ते चहाच्या रंगाचं होतं. आज काळपट, फुगलेलं, अंगावर तुटक्या फांद्या घेऊन आलेलं. उजवीकडच्या पडद्यात बंधाऱ्याखालचा गावचा घाट. तिथं लख्ख ऊन. पाऊस पडला होता तो कुठंतरी वर, लांब. घाटावर गुडघाभर पाण्यात साऱ्या गावाची बैलं उभी होती. पोरं त्यांच्या पाठी घासत होती, म्हातारे काठावर बसून रंग कालवत होते. कुणाच्या तरी बैलानं शेपटीचा फटकारा मारला आणि शेषेराव पाटील नखशिखांत भिजून हसले. हसणं दिसलं, ऐकू आलं नाही. पडद्यातली माणसं मुकी असतात.

या दोन पाण्यांच्या मधे एक भिंत, भिंतीला लोखंडी दरवाजे, आणि त्या दरवाज्यांची जबाबदारी बुद्धप्रियावर. सुरक्षा आणि आपत्ती अधिकारी. बंधारा, त्याच्या कुशीतलं पंपघर, शेजारचं वीज सबस्टेशन, सगळ्याची राखण तिची. शहराच्या नळाचं पाणी इथून उचललं जाई, आणि तालुक्याच्या दवाखान्याचा दिवा इथल्याच तारेवर जळे.

साहेबांचा फोन तिनं नुकताच ठेवला होता.

"सर, वरच्या धरणातून पाणी सुटलंय. मला धोक्याचा भोंगा वाजवू द्या. घाटावर अख्खं गाव आहे."

"लेखी आलंय का वरून?"

"लेखी येईपर्यंत पाणी येईल, सर."

"मागच्या वर्षी काय झालं ते विसरलात? वीज कडाडली, तुमचा भोंगा आपोआप बोंबलला, अन् एक म्हातारा पळता पळता जिन्यावरून पडला. कंबर त्याची मोडली, पेपरात नाव माझं आलं. आज सणाचा दिवस आहे, मॅडम. बैलं उधळली, माणसं तुडवली गेली, तर कोण निस्तरणार? लेखी हुकमाशिवाय धोक्याचा भोंगा नाही. अन् तुम्ही खोली सोडायची नाही."

खोली सोडायची नाही, हा नियम तर तिनं स्वतःच लिहिलेला. लाल स्थिती जाहीर झाली की अधिकाऱ्यानं कंट्रोल रूमच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, सुटका होईपर्यंत. लिहिताना तो फार शहाणपणाचा वाटला होता. नांदेडला कॉलेजात असलेली तिची लेक दिपाली एकदा फोनवर म्हणाली होती, "आई, तू तिथं जेलर आहेस का कैदी, ते एकदा नक्की सांग." तिच्या मागून बुद्धप्रियाचा नवरा प्रीतम हसला होता. बुद्धप्रियाही हसली होती. मग फोन ठेवल्यावर खोलीचं दार उगाच एकदा उघडून बघितलं होतं.

शेषेरावांना तिनं फोनवर फोन केले. घंटी नुसती वाजत राहिली. पाटील समोर पडद्यात बैलाचं वशिंड घासत होते, फोन कुठंतरी घरी, कोनाड्यात. पोळ्यामुळं निम्मे पहारेकरी रजेवर. हाताशी एकटा सटवाजी. त्याला तिनं खालच्या बुटक्या पुलावर पाठवलं होतं, रस्ता अडवायला.

उरला होता तो पोळ्याचा भोंगा.

ती तिचीच कल्पना. गावात पोळ्याच्या मानावरून दरवर्षी डोकी फुटायची. वेशीतल्या तोरणाखालून आधी कुणाची जोडी जाणार, पाटलांच्या थोरल्या घराची का धाकट्या? काठ्या निघायच्या, बैलं बिथरायची, सणाच्या दिवशी पोलिसांची गाडी यायची. भोंग्याची महिन्याची चाचणी करावीच लागे. बुद्धप्रिया शेषेरावांना म्हणाली होती, "मी ती चाचणी पोळ्याला धरते. एक लांब भोंगा. तो ऐकला की सगळ्यांनी घाटावरून निघायचं. पोचेल त्याचा मान. भोंगा सरकारचा, कुणाच्या बापाचा नाही." शेषेरावांनी मिशी चोळली, विचार केला, आणि म्हणाले, "मारत्याच्या पोरीनं तोड काढली बघा." तेव्हापासून गावाचा पोळा तिच्या बोटावर सुटत होता.

मारत्या म्हणजे मारोती, तिचा बा. गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराच्या पाठीमागं त्यांचं घर. बा तिथं तिच्या भाऊ-वहिनीबरोबर राही. एक तुकडा जमीन आणि एकच बैल, सोन्या. दुसरा कधी जोडीला आलाच नाही. पेरणीच्या वेळी बा शेजाऱ्याचा बैल मागून आणी आणि बदल्यात दोन दिवस त्याच्या रानात राबे. "पोळा कामून करता हो तुम्ही?" असं कुणी विचारलं तर बा म्हणे, "ह्यो सण देवाचा न्हाई, बैलाचा हाय. बैलानं कधी जात इचारली का मला?"

आणि आई, सरजाबाई, होती तेव्हा जात्यावर बसून लेकीच्या नोकरीची ओवी गायची. आईच्या ओव्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत, त्या पिठाबरोबर भाकरीत गेल्या. ही एक मात्र बुद्धप्रियाच्या कानात राहिली होती:

लेक माझी सायबीण, नदीच्या गं काठावरी
तिच्या एका हुकमानं, पाणी थांबे दारावरी

आई गेली त्या उन्हाळ्यात पाणी आटलं होतं. टँकरवाल्यांची गर्दी बंधाऱ्याच्या फाटकावर चालून आली होती, आणि बुद्धप्रियाला फाटक सोडता आलं नव्हतं. ती घरी पोचली तेव्हा बा राखेवर पाणी शिंपडत होता. बोल लावला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "पाणी राखलंस नव्हं? मग बरं झालं, माय."

तिनं बटण दाबलं.

भोंगा लांब, एका दमात, नदीवरून गेला. काचा थरथरल्या. घाटावरच्या साऱ्या माना एकदम वर झाल्या. शेषेरावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग सूर्य बघितला, मग मनोऱ्याच्या दिशेनं हात नाचवून काहीतरी बोलले. ते ऐकू आलं नाही तेच बरं. पण तोवर धाकट्या घराच्या पोरांनी कासरे ओढले होते. मान जातोय म्हटल्यावर कोण थांबतो? एक शिंग लाल, एक कोरं अशी बैलं निघाली. झुली पाठीवर तिरक्या पडलेल्या, रंगाचा डबा कुणाच्या तरी पायानं उलटलेला. आजे पोरांना शिव्या देत, पोरं बैलांना शिव्या देत, सारा लोंढा चढण चढून गावाकडं पळाला.

"साहेबाला काय सांगणार?" श्रीशैलनं विचारलं.

"महिन्याची चाचणी होती. जरा लवकर झाली."

श्रीशैल उदगीरच्या पलीकडचा, बोलताना मधेच कानडी यायची त्याच्या तोंडात. "अय्यो," म्हणाला आणि हसला. "पाटील आता वेशीत माझ्या नावानं खडे फोडतोय. बटण मीच दाबलं म्हणेल."

तीही हसली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं पाठ खुर्चीला टेकली. घाट मोकळा होता. वाळूत खुरांचे ठसे, सांडलेला रंग, एक विसरलेला टॉवेल. माणूस नाही, जनावर नाही.

तेवढ्यात लेखी आलं. त्याच्या मागोमाग साहेबांचा आवाज, आता चढलेला. "मॅडम, ताबडतोब दरवाजे उघडा. सगळे. सबस्टेशनला पाणी लागता कामा नये. भोंगा वाजवा अन् उघडा."

"हो सर," ती म्हणाली. "घाट रिकामा आहे."

म्हणताना तिनं सवयीनं उजवीकडं बघितलं.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक बैल आत येत होता. पांढरा, म्हातारा, मागच्या पायानं थोडा अधू. त्याच्या पुढं एक माणूस, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, खांद्यावर कासरा, हातात डबा. उतरण ओळखीची असल्यासारखा खाली न बघता चालत होता.

"म्याडम," श्रीशैल हळू म्हणाला, "ते मारोतीआबा न्हवं?"

बुद्धप्रिया खुर्चीतून अर्धी उठली. ती हे विसरली कशी? लहानपणी सोन्याच्या आधीच्या बैलाची दोरी तीच तर धरायची. दुपारभर बा आणि ती वरच्या बाभळीखाली बसून राहायची. घाटावर बाकीच्यांची बैलं धुऊन व्हायची, हलगी वाजू लागायची, मग हलगी लांब लांब जायची. ती वेशीपाशी पोचली की बा उठायचा. "चल माय, आता आपला वख्त." वरच्यांची बैलं निघाल्याशिवाय यांच्या बैलानं पाण्यात पाय घालायचा नाही, अशी रीत होती. रीत मोडून वर्षं झाली. शेषेराव स्वतः म्हणायचे, "मारोती, ये की आमच्या संगट." बा म्हणायचा, "हाव, येतो की." आणि जायचा नाही. "आता कुणी अडवून राहिलंय का तुला?" असं तिनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला होता, "न्हाई. पर इतक्या वर्सात ती नदी मला एकट्याला मिळत आली. आता गर्दीत कशाला जाऊ?"

हलगी जाऊन भोंगा आला. गावाला तो निघायची खूण. बाला तो उतरायची.

दरवर्षी भोंगा दिल्यावर तिचे डोळे मिरवणुकीच्या मागं वेशीकडं जायचे. घाटाच्या पडद्याकडं ती पुन्हा बघायचीच नाही. बा म्हणायचा, "घाटावर आलो की तुझ्या त्या खांबाकडं हात करतो बघ. दिसतो का?" आणि ती म्हणायची, "दिसतो की, बा."

आज पहिल्यांदा तिला ते दिसलं. बा कॅमेऱ्याच्या खांबासमोर थांबला. वर बघून हात उंच केला, तोंडभर हसला, आणि सोन्याला घेऊन पाण्यात शिरला.

तिनं वॉकीटॉकी उचलली. "सटवाजी, पूल सोड अन् घाटावर जा. माझा बा पाण्यात आहे."

"पुलावर माणसं थांबलीत, म्याडम."

"आडव्या दांड्याला कुलूप घाल. गाडी काढ. पळ."

"निघालो."

"श्रीशैल, धोक्याचा दे."

भोंगा तीनदा तुटून तुटून वाजला. असा की गावातली कुत्री ओरडली असतील. बानं मान वर केली. ती पडद्याला जवळजवळ टेकली. नीघ बा, नीघ. बा मनोऱ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे तिनं आईच्या जाण्यानंतर बघितलं नव्हतं. त्यानं सोन्याच्या मानेवर थाप मारली, त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, आणि पुन्हा हात वर केला. या वेळी दोन्ही.

गेल्या पोळ्याला तो जेवताना म्हणाला होता, "सगळ्या गावाच्या बैलासाठी वाजिवतीस. माझ्या सोन्यासाठी कव्हा वाजिवशील?"

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली होती. वरण वाढता वाढता, सहज.

"म्याडम, सबस्टेशनच्या भिंतीला पाणी टेकलंय," श्रीशैल म्हणाला. त्याची नजर डाव्या पडद्यावर होती. उजवीकडं बघायचं तो टाळत होता. "पंपघरातली माणसं वर काढू का? का दरवाजा उघडू? एकच काय ते सांगा."

"दोन्ही. माणसं वर काढ. अन् पलीकडच्या कडेचा दरवाजा. थोडाच."

"सायबानं सगळे म्हटलं हाय."

"मी थोडाच म्हणते आहे."

लोखंड कण्हलं. पायांखालची फरशी गुरगुरू लागली. घाटाच्या पडद्यात आधी काहीच बदललं नाही. मग पाण्याची कड एका ओल्या दगडावर चढली, तो दगड गेला. विसरलेला टॉवेल तरंगायला लागला. बा बैलाची मागची मांडी घासत होता, पाठ नदीला देऊन.

फोन वाजला. साहेब. ती बोलली नाही, कानाला नुसता धरला. "मॅडम, पातळी का उतरत नाही? दवाखान्यात ऑपरेशन चालू आहे म्हणून फोन येताहेत मला. काय चाललंय तिकडं?"

"उघडतोय, सर."

खोलीचं दार चार पावलांवर होतं. जिना उतरला की फाटक, फाटकाबाहेर पायवाट, पायवाटेच्या टोकाला घाट. लहानपणी ती एका दमात पळायची. पण ती उठली तर दरवाज्यांना हुकूम कोण देणार? श्रीशैलला ते अधिकार नव्हते. तोही तिनंच लिहिलेला नियम. पाणी थांबे दारावरी. आईला कुणी सांगितलं नव्हतं, की पाणी थांबलं तर सायबीणही थांबते, त्याच दारात.

पाणी बाच्या कंबरेला आलं तेव्हा त्याला कळलं. त्यानं वळून बंधाऱ्याकडं बघितलं, हसू गेलं. कासरा ओढू लागला. सोन्या हलेना. म्हातारं जनावर, अधू पाय, गार पाण्यात सुखावलेलं. बानं पुढं होऊन वेसण धरली, मागं जाऊन ढकललं, पुन्हा पुढं आला. सोन्यानं एक पाऊल टाकलं, पाय घसरला, तो गुडघ्यांवर बसला आणि उठला तो आणखी आत.

सटवाजीची गाडी पडद्यात आली आणि आडवी पडली. तो तसाच पाण्यात धावला. त्यानं बाच्या दंडाला धरलं. बानं हिसडा दिला. दोघं झोंबले, मुक्यानं. कासरा बाच्या मनगटाला वेढे देऊन बांधलेला होता. सटवाजीनं गाडीला अडकवलेला विळा आणला.

"म्याडम," श्रीशैल म्हणाला. आवाज फुटत होता त्याचा. "भिंतीवरून आत यायलंय पाणी."

विळा फिरला. सटवाजी बाला कवेत घेऊन मागं पडला. दोघं वाळूवर, पाण्याच्या कडेला. मग उठून वर, आणखी वर, बाभळीपर्यंत. बाच्या मनगटाला कासऱ्याचा तुकडा लोंबत होता. सोन्या पाण्यात उभा होता आणि त्याच्याकडं बघत होता.

"म्याडम, हुकूम."

"सगळे," बुद्धप्रिया म्हणाली. "सगळे उघड."

तिनं तोंड फिरवलं नाही. पाण्याची भिंत पडद्याच्या वरच्या कडेनं आली. सोन्याची मान काही वेळ वर होती. शिंगं पिवळीधमक रंगवलेली, घरूनच रंगवून आणलेली. ती शिंगं वळली, पडद्याच्या कडेशी गेली आणि कडेबाहेर झाली. कॅमेरा तेवढंच दाखवतो, जेवढं त्याच्या चौकटीत असतं.

त्या रात्री कुणी झोपलं नाही. सकाळी पातळी उतरली, पण लाल स्थिती अजून उठली नव्हती. साहेबांचा फोन आला तेव्हा आवाज मऊ होता. "मॅडम, उत्तम नियोजन. घाट आधीच रिकामा करून घेतलात. दवाखान्याची लाइट एक क्षण गेली नाही. मी वर कळवलंय, हानी शून्य."

"हो सर," ती म्हणाली.

मग खालून सटवाजीचा निरोप आला. "मारोतीआबा फाटकावर हायत. आत सोडू का? लाल हाय अजून."

तिनं श्रीशैलकडं बघितलं. त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "जिना उतरून फाटकापातूर जावा," म्हणाला. "फाटकाच्या आत म्हणजे आतच की. मी हाय इथं."

फाटक उंच, लोखंडी गजांचं. बा पलीकडं उभा होता. धुतलेलं धोतर, मनगटाला काचलेल्या दोरीचा लाल वळ. हातात स्टीलचा डबा.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

 तिनं नाही म्हणून मान हलवली.

"वहिनीनं तुझ्या काल पुरण घातलतं." बानं डब्याचं झाकण काढलं. गजांतून डबा जाईना, म्हणून त्यानं पोळी काढून तिची घडी केली. "सोन्याचा वाटा हाय. खाल्ला न्हाई त्यानं. घरी कुणाच्या घशाखाली उतरंना."

"बा, भोंगा दिला होता मी. धोक्याचा."

"ऐकला की."

"मग?"

बानं पोळीची घडी पुन्हा नीट केली. "तीन डाव वाजिवलास," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं, ऐक रं, आज तुझ्यासाठी वाजून राहिलाय." मनगटावरच्या वळाकडं बघितलं. "माझीच चूक, माय. तू बोललीवतीस पुढच्या साली म्हणून. मला वाटलं, ध्यानात ठिवलं लेकीनं."

त्यानं हात गजांतून आत घातला. बैलाला भरवतात तशी हाताच्या तळव्यावर पोळी धरलेली. बुद्धप्रियानं ती उचलली नाही. वाकून तोंडानंच घेतली. बाचा तळवा खरबरीत होता, गुळाचा वास होता त्याला. तिनं खाल्ली, सगळी. बा बघत उभा राहिला.

"पाटील आलता सकाळी," तो म्हणाला. "बसला जरा. म्हणला, मारोती, पेरणीला माझा बैल ने. मी हाव म्हटलं." मग झाकण लावलं. "जा तू. वाट बघून राहिले आसतील तुझी वर."

ती जिना चढून परत आली. खुर्चीत बसली. फोन वाजत होता. उजवीकडच्या पडद्यात घाट होता, गाळानं भरलेला. बा त्या वाटेनं घरी चालला होता, डबा काखेत, कासऱ्याचा उरलेला तुकडा गुंडाळून खांद्यावर घेतलेला. खांबापाशी तो थांबला. सवयीनं थांबला असेल. वर बघितलं आणि हात उंच केला.

पडद्यातल्या माणसाला इकडचं काही दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिनं हात वर केला. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला, तरी हात तिनं खाली घेतला नाही.